रेमीची आई

बुधवारची मिस्सा आटोपली की भेटीला जाणाऱ्या बाया चर्चमागच्या पेरूच्या झाडाखाली जमत. आजारी कोण, एकटं कोण, कुणाची शेगडी पेटत नाही, ते तिथे ठरायचं आणि मग दोघी-दोघी मिळून वस्तीत पांगायच्या. त्या बुधवारी लिओकाडिया आणि फिलोमिना यांच्या वाट्याला नवं घर आलं. गुत्त्यामागे भाड्याच्या खोल्यांची रांग होती. तिथे शेवटच्या खोलीत एक म्हातारा पडून आहे, त्याची एक बाजू लुळी पडलीय, नातलग फिरकत नाहीत, असं घरमालकीण फादर चिपाशांना सांगून गेली होती. म्हातारा आपल्या धर्मग्रामातला नव्हता. पण आजाऱ्याला चर्च कुठलं ते विचारायचं नाही, असा गटाचा रिवाज होता.

खोलीत घाण वास मारत होता. म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला होता. फिलोमिनाने कमरेला गुंडाळलेलं चितेंगेचं कापड पदर बांधावा तसं घट्ट आवळलं आणि म्हणाली, "आजोबा, नवरदेवाला आंघोळ घालायला आलोय. लाजायचं नाही." दोघींनी मिळून त्याला कुशीवर वळवलं, तेव्हा लिओकाडियाला त्याचा डावा कान दिसला. कानाची पाळी खालून फाटलेली होती. लहानपणी कुत्र्याने तोडलेली.

तिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. हा गौडेन्सियो सिलुंग्वे होता. तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ.

त्याने तिला ओळखलं नाही. तिनेही ओळख दिली नाही. पाठ पुसली, पाय पुसले, चादर बदलली, मक्याची पातळ पेज चमच्याने पाजली. परतताना फिलोमिनाने विचारलं, तुझा चेहरा असा का उतरलाय. ऊन लागलं, असं ती म्हणाली.

लिओकाडियाचा नवरा बोनिफेस रेल्वेच्या कारखान्यात सुतार होता. तो छातीच्या दुखण्याने गेला तेव्हा ती अजून तिशीतही नव्हती. प्रेत घरात होतं तोवर सासरची माणसं तिच्यासोबत रडली. माती देऊन परतल्यावर त्यांनी घर उपसायला घेतलं. पलंग गेला, शिवणयंत्र गेलं, बोनिफेसने स्वतः केलेलं कपाट गेलं. ती कोपऱ्यात चटईवर बसून बघत राहिली. विधवेने तोंड उघडायचं नसतं. सामान ट्रकवर चढलं आणि मग गौडेन्सियोने रेमीचा हात धरला. रेमी सात वर्षांचा होता. "मूल आमच्या घराण्याचं आहे," गौडेन्सियो म्हणाला, "ते आमच्याकडेच वाढेल." त्याने पोराला पलंगाच्या पाट्यांवर बसवलं. रेमीला ट्रकमध्ये बसायला मिळालं म्हणून मजा वाटत होती. ट्रक हलला आणि आई खालीच राहिली, हे लक्षात आल्यावर तो ओरडायला लागला.

ती धुणीभांडी करून, टोमॅटो विकून, बसभाड्यापुरते पैसे जमवून लुसाकाहून सासरच्या गावी, इसोकाला गेली. दारात गौडेन्सियोच उभा होता. रेमी दूरच्या आत्याकडे गेलाय, त्याला इथली सवय होऊ दे, तुला बघितलं की बिथरेल, असं सांगून त्याने तिला अंगणातूनच परत पाठवलं. पुढच्या पावसाळ्यात कुणाच्या तरी हाती निरोप आला. पोरगा तापाने गेला. माती दिली आहे. यायची गरज नाही.

त्यानंतर तिने दुसरं घर केलं नाही. विचारणारे होते, तिनेच नको म्हटलं. या देशात बाईला तिच्या पोराच्या नावाने हाक मारतात, अमक्याची आई, तमक्याची आई. लिओकाडिया वस्ती बदलून या चर्चच्या आधाराला आली तेव्हा तिने सगळ्यांना आपलं स्वतःचं नाव सांगितलं. तेव्हापासून ती नुसती बा लिओ होती, आदराचं 'बा' आणि पुढे तिचं स्वतःचंच नाव.

दुसऱ्या बुधवारी ती त्याच खोलीत गेली. तिसऱ्यालाही. मग अधल्यामधल्या दिवशीही जायला लागली. फिलोमिनाला वाटलं, बाई पुण्य साठवतेय. तसं काही नव्हतं. तिला त्या माणसाकडून एक गोष्ट हवी होती. आपलं पोर कसं गेलं आणि कुठे पुरलं, हे सांगू शकणारा माणूस जगात बहुधा तोच एक उरला होता.

एके दिवशी पेज पाजताना त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. जीभ जड झाली होती, पण बोलणं समजत होतं.

"तू रेमीची आई ना?"

इतक्या वर्षांत त्या नावाने तिला कुणी हाक मारली नव्हती. आणि मारली ती याने. तिने चमचा वाडग्यात ठेवला.

"हो," ती म्हणाली. "मीच."

त्याने डोळे मिटून घेतले. तिने विचारलं, माझ्या पोराचं काय झालं ते मला सांगा. तिने उरलेली पेज भरवली, तोंड पुसलं आणि निघाली. मग कितीतरी दिवस असंच चाललं. ती यायची, धुवायची, पुसायची, जाताना एकदा विचारायची. तो भिंतीकडे बघायचा. घरमालकीण म्हणायची, कोण कुठला म्हातारा, पण या बाईने सख्ख्या बापासारखं केलं हो त्याचं.

उन्हाळा तापला तसा तो खालावला. त्याने फादरना बोलवायला सांगितलं. फादर चिपाशा आले, दार लोटून बराच वेळ आत बसले, त्याचं पापनिवेदन ऐकलं, कपाळाला पवित्र तेल लावलं. ते गेल्यावर लिओकाडिया पाण्याचं घमेलं घेऊन आत गेली आणि ती काही विचारायच्या आधीच तो बोलायला लागला.

रेमी रोज सडकेवर जाऊन बसायचा, तो म्हणाला. लुसाकाची बस आली की उठून उभा राहायचा. बस निघून गेली की परत बसायचा. जेवायला बोलावलं तरी यायचा नाही. गावात बोलणी व्हायला लागली की सिलुंग्वेंनी पोर पळवून आणलंय.

"मग मी त्याला सांगितलं," तो म्हणाला. "तुझ्या आईने दुसरा नवरा केला. तिला तू नको आहेस."

लिओकाडिया घमेलं धरून उभी होती.

"त्यानंतर तो सडकेवर गेला नाही. शहाण्यासारखा राहायला लागला. शेळ्या राखायचा. पावसात ताप आला. दवाखाना लांब होता. दोन दिवसांत गेला."

"माझं नाव काढलं का त्याने?"

त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. "नाही," तो म्हणाला.

कुठे पुरलं, ते तिने विचारलं. मिशनच्या शाळेपलीकडच्या उतारावर, लहान पोरांना पुरतात तिथे. लाकडाचा क्रूस लावला होता, तो वाळवीने खाल्ला. मग तो म्हणाला, "रेमीच्या आई, मला माफ केलं म्हण."

तिने घमेलं खाली ठेवलं. त्याचं अंग पुसायचं राहिलं होतं. ती तशीच बाहेर पडली, घरी गेली आणि दार लावून घेतलं.

त्या बुधवारी ती पेरूखाली आली नाही, पुढच्या बुधवारीही नाही. फिलोमिना येऊन गेली. तिला लिओकाडियाने सगळं सांगितलं. बडबडी फिलोमिना नुसती शेजारी बसून शेंगा सोलत राहिली. दुसऱ्या दिवशी फादर आले. रेमी जगला असता तर आज जेवढा असता, तेवढेच ते वयाने होते. तिने त्यांना स्टुलावर बसवलं, मुंकोयोचा, मक्याच्या आंबट पेयाचा, पेला दिला.

"फादर, तुम्ही त्याला पापातून मोकळं केलंत?"

पापनिवेदनात काय झालं ते मला बोलता येत नाही, फादर म्हणाले. मग त्यांनी क्षमेबद्दल सांगायला सुरुवात केली. देवाने स्वतःचा पुत्र मारणाऱ्यांनाही क्षमा केली, हे त्यांच्या तोंडून निघालं आणि लिओकाडियाने मान वर केली.

"देवाचा मुलगा तिसऱ्या दिवशी उठला, फादर," ती म्हणाली. "माझा नाही उठला."

तिच्या आवाजात राग नव्हता. फादर चिपाशांनी हातातल्या पेल्याकडे पाहिलं. पेला संपवला, तिच्यासोबत जपमाळेच्या दहा मण्यांची प्रार्थना म्हटली आणि गेले.

चार-पाच दिवसांनी फिलोमिना पुन्हा आली. म्हाताऱ्याच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. तिला एकटीला तो वळवता येत नव्हता आणि गटातल्या बाकीच्या म्हाताऱ्या त्याच्याहून म्हाताऱ्या. "मी तुला ये म्हणणार नाही," फिलोमिना म्हणाली. "मी तुझ्या जागी असते तर त्याच्या पेजेत मीठ जास्त घातलं असतं. पण तुला न सांगताही राहवेना."

लिओकाडिया उठली, चितेंगे नीट केलं आणि तिच्याबरोबर निघाली. का निघाली, हे तिला तेव्हा सांगता आलं नसतं, पुढेही कधी आलं नाही. तिच्याने घरात बसवेना, एवढंच.

त्याने तिला पाहिलं तशी त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "आलीस?" त्याने विचारलं.

"कूस बदलायला आले," ती म्हणाली.

त्यानंतर ती रोज जात होती. जखमा मिठाच्या कोमट पाण्याने धूत होती. तो अधूनमधून माफीचा तोच शब्द मागायचा. एकदा तर त्याने तिचं मनगट धरलं आणि म्हणाला, खोटं का होईना, पण म्हण. शब्द तिच्या तोंडाशी यायचे आणि तिथेच अडायचे. सडकेवर बसलेलं पोर मध्ये यायचं. "इकडे वळा," ती म्हणायची. "पाठ कोरडी करू दे." एका दुपारी ती नळावरून पाणी घेऊन आली तेव्हा तो गेलेला होता. तिने त्याचे डोळे मिटले, जबडा बांधला. मगच फिलोमिनाला बोलावलं.

आता प्रश्न आला तो मातीचा. मृत कुठल्याच वाडीच्या प्रार्थनागटात नव्हता. प्रार्थनागटांचे प्रमुख श्री. म्वाले भले गृहस्थ होते, पण नियमाला पक्के. ज्याला कधी कुणी बघितलं नाही, त्याच्यासाठी गायकवृंद कसा उभा करायचा, त्याच्या दाराशी रडायला कोण बसणार, असं ते पेरूखाली सगळ्यांसमोर म्हणाले. जमावात चुळबुळ झाली.

"मी बसेन," लिओकाडिया म्हणाली. "ते माझे थोरले दीर होते."

बाया वळून तिच्याकडे पाहायला लागल्या. फिलोमिना लगेच म्हणाली, "ऐकलंत ना? बा लिओच्या घरचं मरण आहे. चला, भांडी काढा." मग कुणी काही विचारलं नाही. बायांनी कोळसा आणला, मक्याचं पीठ आणलं, कपेंटा मासळी आणली. खोलीच्या दारात चटया पसरल्या आणि लिओकाडिया मधल्या चटईवर बसली. रडणं तिला आलं, आणि भरपूर आलं. ते कुणासाठी होतं हे फक्त फिलोमिनाला माहीत होतं.

इसोकाहून एकच माणूस आला. गौडेन्सियोचा पुतण्या सिल्वेस्टर. चाळिशीकडे झुकलेला, गप्प गप्प. काकाचा मुलगा जोहान्सबर्गला होता, तो फोन उचलत नव्हता. माती झाल्यावर सिल्वेस्टरने खोलीतलं जे काही होतं ते गोळा केलं. एक ब्लँकेट, एक मोबाइल, एक कोट. सवयीने त्याने आणखी काही होतं का असं विचारलं आणि मग जिचं घर आपल्याच माणसांनी उपसलं ती समोर आहे, हे लक्षात येऊन ओशाळला.

"काकू," तो म्हणाला, "रेमी आणि मी एका चटईवर झोपायचो."

तिने त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

तो सांगत गेला. रेमीला पोहता येत नव्हतं, त्याला सिल्वेस्टरने आणि इतर पोरांनी ओढ्यात शिकवलं. तो लुसाकाच्या बसवाल्यांची नक्कल करायचा, दगडावर उभा राहून सगळ्या थांब्यांची नावं ओरडायचा, आणि गावची पोरं खोट्या बसमध्ये बसायला रांग लावायची. नाचणीचा न्शिमा, पीठ शिजवून केलेला घट्ट गोळा, त्याला आवडायचा नाही. तो म्हणायचा, हा काळा आहे, माझ्या आईचा पांढरा असतो.

"केव्हा म्हणायचा?" लिओकाडियाने विचारलं. "आल्या आल्या, की नंतरही?"

सिल्वेस्टरला प्रश्नातली मेख कळली नाही. त्याने आठवून पाहिलं. "ते नाही सांगता येणार, काकू," तो म्हणाला. "लहान होतो मी."

ती त्याच्याच बसने इसोकाला गेली. भाडं गटातल्या बायांनी भरलं. मिशनच्या शाळेपलीकडे उतार होता, त्यावर कमरेएवढं वाळलं गवत माजलं होतं. सिल्वेस्टरने कोयत्याने वाट केली. लहान लहान उंचवटे होते, काही पावसाने सपाट झालेले, कुणावरच खूण नव्हती. तो इकडून तिकडे दोनदा फिरला, एका झाडाशी थांबला, मग मान हलवून परत आला. यातला नेमका कुठला ते त्याला ओळखता येत नव्हतं.

लिओकाडियाने चप्पल काढली आणि पहिल्या उंचवट्यावरचं गवत उपटायला लागली. तो झाला की शेजारचा. सिल्वेस्टर म्हणाला, काकू, सगळे कसे साफ करणार. ती पुढच्या उंचवट्याकडे सरकली. थोड्या वेळाने तोही खाली बसला. ऊन डोक्यावर आलं तेव्हा सगळ्या पोरांच्या कबरी मोकळ्या झाल्या होत्या आणि तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या.

कुठल्या कबरीकडे तोंड करावं ते तिला कळेना. म्हणून ती त्यांच्या मधोमध उभी राहिली.

"रेमी," ती मोठ्याने म्हणाली, "मी दुसरा नवरा केला नाही. मी आले होते. मला अंगणातून परत पाठवलं."

सिल्वेस्टर शाळेच्या कुंपणाकडे तोंड करून उभा होता. मधल्या सुट्टीची घंटा झाली होती, पोरं बाहेर पळत येत होती. ती आणखी थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग चप्पल शोधायला वाकली.