दादाच्या गळ्यातली घंटी

बोक्याचं नाव दादा ठेवलं ते शिलाईवाल्या बाईंच्या मुलीनं. तिला मोठा भाऊ नव्हता आणि चिंध्यांच्या पोत्यात सापडलेलं ते पिल्लू तेव्हा तळहातावर मावत होतं. नाव हौसेचं होतं. पुढे मुलगी लग्न होऊन गेली, बोका साडेसहा किलोंचा झाला आणि गल्लीनं त्या नावाचा दुसरा अर्थ घेतला.

जिन्याखालची भुरी त्याला पाहून जिना सोडायची. दवाखान्याच्या पायरीवरचा पिवळ्या बोका बशीतलं दूध अर्धं टाकून भिंतीवर चढायचा. बाईंच्या कानावर सगळं यायचं. "मांजरंच ती, चालायचंच," म्हणून त्या पुन्हा पायडल मारू लागायच्या. शाईच्या बाबतीत मात्र त्यांना असं म्हणता येईना.

शाई म्हणजे शेजारच्या प्रेसकाकांची चौदा वर्षांची काळी मांजरी. काकांनी छापखान्यात मशीन चालवण्यात उमेदीची वर्षं घालवली आणि कानही तिथेच घालवले. त्यांना ओठांवरून निम्मं कळायचं, निम्मं ते अंदाजानं भरायचे. वरच्या मजल्यावर त्यांचं आणि बाईंचं दार शेजारी शेजारी, पुढे लाकडी फळ्यांची एकच गॅलरी. त्या गॅलरीत दादानं शाईला महिन्यात तिसऱ्यांदा धरलं आणि तिचा कान फाडला.

बाई विचारपूस करायला गेल्या तेव्हा शाई पलंगाखाली होती. काकांनी तिला बाहेर काढून कान दाखवला. तीन टाके. बाईंच्या तोंडून निघून गेलं, "किती लांब लांब घातलेत."

"तुमच्याकडेच आणायला हवी होती," काका म्हणाले. मग मांजरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "पाच दिवस झाले, धड खात नाही. दार उघडं ठेवलं तरी नुसती बघत बसते. उन्हाशिवाय एक दिवस जायचा नाही हो हिचा."

त्यांनी तक्रार केली नाही. केली असती तर बाईंना भांडता तरी आलं असतं.

रात्रीच्या जेवणाआधी मुलीचा फोन आला. तिनं निकालच देऊन टाकला. "रविवारी येते टोपली घेऊन. यांच्या गोदामात उंदीर झालेत. दादाची चैन होईल."

"गोदामात झोपेल कुठे तो?"

"आई, बोका आहे तो. त्याला काय गादी लागते?"

"लागते," बाई म्हणाल्या.

पण रविवारपर्यंत काही जमलं नाही तर त्याला न्यायचं, हे त्यांनी कबूल केलं. दादा तेव्हा मशीनच्या फळीवर, कुणाच्या तरी अर्धवट झंपरावर हनुवटी टेकून झोपला होता. बाईंनी झंपर ओढलं नाही.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नसबंदीचं ऑपरेशन झालंय, तरी खोड जायला वेळ लागतो. गळ्यात घंटी बांधा. आणि दोघांच्या बाहेर पडायच्या वेळा वेगळ्या ठेवा." बाईंनी घरी येऊन टेप काढला. गळा साडेअकरा इंच. अडकला तर निसटता यावं म्हणून इलॅस्टिक घालून पट्टा शिवला आणि त्याला दोन पितळी घंट्या लावल्या. दादा दोन तास रुसून कपाटावर बसला.

भुरीला आणि पिवळ्याला लगेच गुण आला. घंटी वाजली की ती आधीच पसार. शुक्रवारी शाईसुद्धा उन्हात येऊन बसली. तेवढ्यात फॉलला साडी द्यायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या पायांमधून दादा निसटला आणि घंट्या वाजवत सरळ तिच्यावर गेला. बाई धावल्या म्हणून एका ओरखड्यावर भागलं. ही हलली कशी नाही, हे मात्र त्यांना कळेना. पाठ फिरवून बसली होती, तशीच बसून राहिली.

शनिवारी दादा दिवसभर कोंडलेला. काकांनी शाईला उचलून बाहेर आणलं आणि स्वतः शेजारी खुर्ची टाकून बसले. बाई खिडकीशी कापड बेतत होत्या. आत कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. प्रत्येक शिट्टीला दादा दचकला. खिडकीबाहेर चार हातांवर शाई निवांत झोपलेली. आणि मग बाईंच्या हातून जड कात्री सटकून खिडकीबाहेर गॅलरीच्या फळ्यांवर पडली. शाई ताडकन उठली आणि भलतीकडेच बघू लागली.

बाई तशाच बाहेर आल्या. त्या घाईघाईत बोलल्या ते काकांना ओठांवरून उमगेना. हातात खडू होता, खांद्यावर कोटाचं काळं कापड. ते मांडीवर पसरून त्यांनी लिहिलं: शाईला ऐकू येत नाही.

काकांनी चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं.

"तुम्हाला कधी जाणवलं नाही?" बाईंनी सावकाश विचारलं.

"मला कसं जाणवणार? हाक मारायचो, यायची नाही. वाटायचं, माझाच आवाज नीट निघत नसेल आता."

बाईंनी खडू उगाच या हातातून त्या हातात घेतला.

"पण मघाशी कात्री पडली तेव्हा उठली ना?" काकांनी विचारलं. "कळणारच. मशीन आम्ही तळपायांनी ऐकायचो. बेअरिंग जायला लागलं की आधी टाचेला कळायचं." त्यांनी चप्पल काढली आणि टाच दोनदा फळीवर आपटली. शाईनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. काकांनी पुन्हा आपटली. ती उठून त्यांच्या पायाशी आली.

रविवारी मुलगी टोपली घेऊन आली. काका आधीच अनवाणी खुर्चीत बसले होते, समोर शाई, त्यांच्याकडे पाठ करून.

"सोडा त्याला," ते म्हणाले.

बाईंनी पायाशी जाड गोधडी तयार ठेवली, वेळ पडली तर दादाच्या अंगावर टाकायला, आणि दार उघडलं. दादा भिंतीकडेनं दबकत निघाला. काकांची टाच दोनदा वाजली. शाई वळली, त्याला समोर पाहिलं आणि फिस्कारली. दादा थबकला. त्याची सगळी मर्दुमकी मागून येण्यात होती. तोंडावर काय करायचं ते त्याला ठाऊक नसावं. तो खाली बसला आणि खास त्यासाठीच आल्यासारखा खांदा चाटू लागला.

"आज ठीक आहे," मुलगी म्हणाली. "परत केलं तर?"

काकांना प्रश्न ऐकू आला नसावा, पण तिचं तोंड बघून त्यांनी ओळखला. "सकाळ हिची, दुपार त्याची. चुकून भेटलीच तर मी आहे. मला कुठे जायचंय? राहू दे गं त्याला."

बाईंनी दादाला उचललं आणि आत नेऊन दार लावलं. तो खांद्यावरून दाराकडे बघत राहिला. मुलीनं टोपली रिकामी केली, आतली जुनी चादर झटकून घडी घातली आणि चहाचं आधण ठेवलं.

पलीकडे पुन्हा टाच वाजली. बाई धसकल्या; पण दादा तर त्यांच्या कडेवर होता. त्यांनी खिडकीतून डोकावून पाहिलं. काका दारात बशी घेऊन उभे होते, शाईला जेवायला हाक मारत.