उतू गेलेलं दूध

ओढणी डोक्यावर सारखी करून सूनबाई सतरंजीवर बसली, तशी समोर खुर्चीत बसलेल्या सासऱ्यांनी काठी दोन गुडघ्यांच्या मधे उभी केली. मुलांनी तिच्याकडे नाही, आधी काठीकडे पाहिलं.

गुरुद्वाऱ्यामागच्या या खोलीत दर रविवारी साखी, म्हणजे गुरूंच्या काळातली गोष्ट, सांगायचे ते सासरेच. चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर काढलेला टर्नर. गोष्टही सूतभर हलू द्यायचा नाही. सहा महिन्यांपूर्वी लकव्याने वाचा नेली, डावा हात नेला, हट्ट मात्र जागच्या जागी ठेवला. दुसरं कोणी सांगायला बसलं आणि चुकलं, की काठी फरशीवर वाजे. तिघे जण कानाला खडा लावून घरी बसले. गुरुद्वाऱ्याच्या चिटणीसांनी सांगून टाकलं होतं, आजही जमलं नाही तर वर्ग बंद.

"मी सांगते," सून म्हणाली, तेव्हा नवऱ्यानेही मान खाली घातली होती. ती शीख नसलेल्या घरातून आलेली. नऊ वर्षांत सासऱ्यांनी तिला वाकडा शब्द ऐकवला नव्हता, पण स्वतःचं एक कामही सांगितलं नव्हतं. दुखऱ्या हाताला मलम चोळायचं तेसुद्धा मुलानेच. तो कामावर असला की हात तसाच आखडलेला राही आणि ती दारातून बघत राही. तिला ते फार लागत असे.

"लढाई चालली होती," तिने सुरुवात केली. "भाई कन्हैया पखालीतून पाणी घेऊन फिरायचा. जो पडलेला दिसेल त्याला पाजायचा. आपला असो, शत्रू असो."

काठी गप्प होती. तिचा आवाज मोकळा झाला. सैनिक चिडले, त्यांनी गुरूंकडे तक्रार नेली, गुरूंनी कन्हैयाला बोलावलं.

"कन्हैया म्हणाला, मला कोणी शत्रू दिसतच नाही. प्रत्येक चेहऱ्यात तुम्हीच दिसता."

ती थांबली. तिच्या लेखी गोष्ट संपली होती.

टक्.

घोडं पेंड खात होतं ते इथेच. नऊ वर्षं ही साखी तिने स्वयंपाकघराच्या दारातून ऐकली होती, आणि नेमकी इथे आली की मुलांसाठी तापत ठेवलेलं दूध वर यायचं. ती आत धावायची. पुढे काही असतं, हे तिला आज कळत होतं.

आत आजचं दूधही उतू गेलं, करपल्याचा वास येऊ लागला. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या चिटणीसांनी आत पाहिलं, मग तिच्याकडे. ती जागची हलली नाही.

"बाबा, पुढचं मला माहीत नाही," ती सरळ म्हणाली. "या वेळी मी दुधापाशी असायचे."

पहिल्या रांगेतल्या मुलीने सांगायला तोंड उघडलं. सासऱ्यांनी काठी आडवी करून तिला थांबवलं. काठी मांडीवर ठेवली, उजवा हात सदऱ्याच्या खिशात घातला. बराच वेळ चाचपून त्यांनी मलमाची डबी काढली आणि सुनेपुढे धरली.

तिने डबीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते आणि तो ते लपवत नव्हता.

तिने दोन्ही हात पुढे करून डबी घेतली.

"मग गुरूंनी," ती हळूहळू म्हणाली, "कन्हैयाच्या हातात मलम दिलं. म्हणाले, नुसतं पाणी नको पाजूस. आता जखमांनाही लाव."

सगळ्यांचे कान फरशीकडे होते. काठी वाजली नाही.

"बरोबर," मुलगी म्हणाली, आणि खोलीभर एकच गलका उठला. सासऱ्यांनी उजव्या हाताने आपला डावा हात उचलला आणि सुनेच्या पुढ्यात आणून ठेवला. तिने झाकण फिरवलं.

चिटणीस करपलेलं पातेलं फडक्यात धरून बाहेर आले.

"पुढच्या रविवारी कुठली साखी ते ठरवून ठेवा," ते म्हणाले. "दुधाकडे मी बघेन."