शेजाऱ्याच्या विहिरी

धरणात बुडालेल्या पिपरटोल्यात घरं होती एकसष्ट आणि विहिरी निघाल्या चौऱ्याहत्तर. आंब्याची झाडं मोजायचं तर मी सोडूनच दिलं. एकट्या देवाजी काकाजींनी आपल्या एका बांधीत, म्हणजे धानाच्या एका तुकड्यात, एकशे चाळीस सांगितली. तेवढी झाडं असती तर धानाला उभं राहायला जागा कुठली, असं मी विचारलं. ते म्हणाले, "लिही ना पोरी. तुह्या बापाचं काय जाते?"

मी उर्वशी. लाखनीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवत होते. यंदा तासिका संपल्या आणि पीएच.डी. तर त्याआधीपासूनच लटकलेली. वरठीला मामानं झेरॉक्सच्या दुकानात माझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवली होती. अशात युरोपातल्या एका संस्थेची जाहिरात दिसली. विस्थापित अभ्यासकांना इतिहास-भाषेच्या संशोधनासाठी दोन वर्षांची फेलोशिप. युद्धानं हुसकावलेलं असो की धरणानं, पुरावा जोडा म्हणे. आता पुराव्याच्या बाबतीत आमचा हात कोण धरणार? वडिलांचं प्रकल्पग्रस्ताचं प्रमाणपत्र पेटीत तीन पिशव्यांमध्ये गुंडाळलेलं होतं. वडील जाऊन सहा वर्षं झाली, पण कागद ठणठणीत. तो पाठवला आणि पहिल्या यादीत नाव लागलं.

पुढे दोन गोष्टी उरल्या. म्हाताऱ्यांच्या आठवणीतून बुडालेल्या गावाचा नकाशा करायचा आणि गावातल्या एका जुन्या माणसाला शेजारी बसवून मुलाखत द्यायची. जमलं तर दोन वर्षं मनासारखं काम. नाही जमलं तर झेरॉक्स.

माझी चूक एवढीच झाली की मी हातात पॅड आणि पेन घेऊन गेले. आमच्या लोकांनी पंधरा वर्षं सर्व्हेवाले पाहिलेत. पॅडवाला माणूस येणार अशी कुणकुण लागली की रातोरात रोपं खोचायची, गोठ्याला घर म्हणायचं आणि डबक्याला विहीर. ही सवय हाडात मुरलेली. फेलोशिप म्हणजे काय ते मी पुनर्वसनाच्या वस्तीत दारोदार समजावून सांगितलं. रुखमिणी काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे वाढीव मोबदला."

"मोबदला नाही काकू, अभ्यास आहे."

"हो बाई. मागचा साहेबही असाच म्हणे. चार विहिरी लिही."

मी भोळी. सगळं लिहून, नकाशावर निळे ठिपके काढून पाठवून दिलं. संस्थेच्या हेलेना बाईंचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. फार सभ्य बाई. लिहिलं होतं, एवढ्याशा गावात इतक्या विहिरी हे थक्क करणारं आहे, मुलाखतीत यावर सविस्तर बोलू. मुलाखत आठ दिवसांवर होती. घाबरून मी यादी पुन्हा वाचली. रागही आला, लोकांचा आणि त्याहून जास्त स्वतःचा. याच लोकांत वाढून मला हे कळू नये?

दुसऱ्या दिवशी पॅड घरी ठेवलं आणि देवाजी काकाजींकडे चहाला गेले. सहज बोलल्यासारखं म्हटलं, "तुलाराम काकाजींनी तीन विहिरी सांगितल्या."

काकाजींनी कप खाली ठेवला. "तुलारामच्या? तीन? अवो, खड्डा होता तो. त्यात म्हैस बसे."

तिथून तडक तुलाराम काकाजींकडे गेले आणि देवाजी काकाजींचे एकशे चाळीस आंबे सांगितले. ते इतके हसले की ठसका लागला. "चार झाडं होते. त्यातलं एक माह्या बांधाच्या धुऱ्यावर. यानं धुरा सरकवला म्हणून त्याचं झालं."

मग काय, आठ दिवस मी नुसती या घरातून त्या घरात फिरले. स्वतःबद्दल कोणी खरं बोलेना आणि शेजाऱ्याबद्दल कोणी खोटं बोलेना. विहिरी चौऱ्याहत्तरवरून पाचवर आल्या. कोणाची बांधी कुठवर होती, बोडीचं, म्हणजे गावतळ्याचं, पाणी आधी कोण वळवून घेई, सगळं इंचाइंचानं उगवलं. दोन घरांत बोलणं बंद झालं, पण नकाशा सोन्यासारखा झाला आणि तो मी बाईंना नव्यानं पाठवला. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटत होतं, हे कबूल करते.

मुलाखतीला देवाजी काकाजींना बसवायचं ठरलं, कारण त्यांची आठवण सगळ्यात पक्की. मी त्यांना दहादा बजावलं, "काकाजी, ही बाई सरकारची नाही. हिला फक्त खरं सांगायचं." ते म्हणाले, "सांगतो ना."

दुपारी समाजमंदिरात लॅपटॉप लावला. अख्खी वस्ती जमली. माझी आई मंदाबाई मागे खांबाला टेकून बसली. बाई इंग्रजीतून विचारत, मी काकाजींना मराठीत सांगे आणि त्यांचं उत्तर इंग्रजीत फिरवून देई. पाच विहिरी बाईंना पटल्या. नकाशाचं त्यांनी तोंड भरून कौतुक केलं. मग नकाशावर बोट फिरवत म्हणाल्या, "यात उर्वशीचं घर कुठं आहे?"

मी हसत हसत प्रश्न मराठीत सांगितला. काकाजी माझ्याकडे बघत राहिले.

"खरं सांगू?"

"सांगा ना."

"तुह्या बापाचं गावात घर नव्हतं. तू जन्मली नव्हती तेव्हा, सर्व्हेच्या महिनाभर आधी त्यानं बोडीजवळ झोपडी टाकली. तो लाखनीले हमाली करे. दहा वर्षांपासून हा इथंच राहाते म्हणून साहेबाले मीच साक्ष देली. तेव्हा खोटं बोललो. पण या बाईले खरंच सांगा म्हणून तूच म्हणून राहिली."

मागे आई ताडकन उठली. बाई पडद्यावर वाट पाहत होत्या. त्या खोलीत इंग्रजी कळणारी मी एकटीच होते; काकाजी काय बोलले ते बाईंना मीच सांगायचं होतं. ते पाच विहिरींबद्दलच बोलले असं म्हटलं असतं तरी खपलं असतं. तरी मी शब्द न शब्द सांगितला, प्रमाणपत्रासकट. आठ दिवस दुसऱ्यांचे आंबे कापल्यावर स्वतःची झोपडी झाकायला मला लाज वाटली.

बाईंनी चष्मा काढला. "मग ते आले कुठून?"

काकाजी म्हणाले, "आधीच्या धरणातून. तिकडं त्याचं गाव गेलं तेव्हा याच्याजवळ कागद नव्हता, म्हणून काहीच भेटलं नाही. दुसरं धरण येऊन राहिलं असं ऐकलं, तर पाणी येईल तिथं आधीच जाऊन बसला."

हे मला बत्तिसाव्या वर्षी कळत होतं. मी वळून पाहिलं. आई डोळे पुसत होती. मी विचारलं, "आई, काहून नाही सांगितलं?"

"कागद रद्द होईल म्हणून," ती म्हणाली. "मरताना बजावून गेले तुह्ये बाबा. पोरीलेही सांगू नको."

पुढचं मी कसंबसं इंग्रजीत सांगितलं. लॅपटॉप बंद केला आणि मामाला फोन लावून टाकला, सोमवारपासून येते म्हणून. आठवड्यानं पत्र आलं. फेलोशिप मिळाली होती. एकच अट घातली होती, सुरुवात त्या पहिल्या गावापासून करायची.

त्याच संध्याकाळी वही घेऊन आईपुढे बसले. आधी नको नको म्हणाली, मग पदर सावरून खुलली. आमचं घर गावात सगळ्यात मोठं होतं. दारात बैलांच्या तीन जोड्या. तलावाचं पाणी पहिल्यांदा आमच्याच बांधीत येई.

माझं पेन थांबलं. "आई, तिथं शेजारी कोण होते?"

तिनं चार-पाच नावं घेतली.

"आता कुठं आहेत ते?"

"काय माहीत. कोणी कुठं गेलं, कोणी कुठं. त्या दिवसापासून एकही दिसला नाही."

खरंखोटं विचारायला कोणी उरलंच नव्हतं. मी बैलांच्या तीन जोड्या लिहिल्या.