काचेची चाल

धाकट्याने सकाळी गाडी धुतली आणि थोरल्याच्या मनात पाल चुकचुकली.

गाडी धुणे हा काही गुन्हा नव्हे. पण त्या घरात ती कोणी धूत नसे. काचेचे दुकान दोघा भावांचे आणि वडिलांच्या वेळची ही पिकअप त्या दुकानाच्या कामाला जुंपलेली. रस्त्याची धूळ बसून तिला जो रंग यायचा तोच तिचा रंग, असे सगळ्यांनी धरून चालले होते. आज मात्र धाकटा पँटचे पाय दुमडून तिच्या गोल नाकावर फडके फिरवत होता आणि धुळीखालचा मोरपंखी रंग उगवत्या उन्हात लाजत लाजत वर येत होता.

"वहिनी, चला आज. समुद्राकाठच्या रस्त्याने फिरून येऊ," तो ओरडला. "दादालाही घ्या. दुकान एक दिवस बंद राहिलं तर गावातल्या खिडक्या काही गळून पडणार नाहीत."

"भाऊजी, ताप-बीप नाही ना?" वहिनीने दारातून विचारले. पण तिची चप्पल पायात होती. थोरल्याने तेही टिपले. त्याला न सांगता ही तयार कशी?

थोरल्याचा स्वभाव मुळात संशयी. पावसाचे ढग दिसले तरी हे आत्ताच का आले, असा विचार करणारा माणूस. पण यावेळी त्याच्याकडे कारण होते. दोन दिवसांपूर्वी दुकानाच्या मागच्या खोलीत धाकटा फोनवर बोलत होता: "गाडी घेऊनच येतो ना. तुमच्यासमोर मापं घेऊ, मग ठरवू. नाही, नाही, दादाला आत्ता काही बोलू नका. मी सांगेन नंतर." थोरला दारात दिसताच त्याने फोन ठेवला आणि काच कापायचे हिरकणीचे हत्यार उगाचच पुसायला घेतले.

फोनवर कोण होते हे ओळखायला फार डोके लागत नव्हते. समुद्राकाठच्या रस्त्यावर एक हॉटेल होते. त्याच्या मालकाने गेटच्या एका बाजूला अगदी अशीच जुनी पिकअप उभी करून तिच्या हौद्यात फुलझाडांच्या कुंड्या मांडल्या होत्या. मागे एकदा तो दुकानात आला, तेव्हा भावांच्या गाडीभोवती फिरून म्हणाला होता, "हिची जोडी मिळाली तर गेटच्या दुसऱ्या बाजूला शोभून दिसेल."

"आमची अजून जिवंत आहे," थोरला म्हणाला होता.

धाकटा तेव्हा हसला होता. ते हसू थोरल्याच्या घशात माशाच्या काट्यासारखे अडकून बसले होते. शिवाय अलीकडे धाकटा नव्या बंदिस्त टेम्पोचे गुणगान सारखे गात असे.

टेम्पो आला तर गाडी जाणार, आणि गाडी गेली तर थोरल्याला काय उरणार? मोठी काच उचलताना आता त्याचा खांदा दगा द्यायचा. कापण्याचे काम केव्हाच धाकट्याच्या हाती गेले होते. गाडी चालवणे तेवढे त्याच्याकडे होते. त्या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यालाच होता आणि दुसरा टाकताना त्याला जरा गोंजारावे लागे. ते फक्त आपल्याला जमते, अशी त्याची समजूत होती. गाडी गेली की आपणही त्या कुंड्यांच्या रांगेत, हे त्याला स्वच्छ दिसत होते.

"दादा, तू बस खिडकीशी. आज मी चालवतो," धाकटा म्हणाला. "तू समुद्र बघ."

"का? मला चालवता येत नाही का?"

"येतं रे बाबा. पण समुद्र बघणारा ड्रायव्हर मला नको."

वहिनी मधे बसली. एकाच लांब सीटवर तिघे. त्यांच्या पाठीमागे, जिथे गाडीची मागची काच असायला हवी, तिथे प्लायवूडचा तुकडा होता. किती वर्षे झाली कोणास ठाऊक; धाकट्याने घाईत शिडी चढवताना ती बाकदार काच फोडली होती. तसली बाकदार काच पुढे कुठेच मिळाली नाही. गावभर खिडक्या बसवणाऱ्यांच्या गाडीला लाकडाची पाठ!

गावाबाहेरच्या पेट्रोल पंपावर गाडी थांबली. पंपावरचा माणूस नेहमीचा आणि त्याचा विनोदही नेहमीचा.

"काय काचवाले, तुमच्याच गाडीला काच नाही होय?"

"याला विचार," थोरला नेहमीसारखाच म्हणाला आणि हनुवटीने धाकट्याकडे दाखवले. "कुणाचा पराक्रम आहे ते हाच सांगेल."

धाकटा नेहमीसारखाच हसला. हसताना त्याची नजर खाली गेली. थोरल्याने ते पाहिले नाही. संशय घेणाऱ्या माणसाला सगळेच दिसते असे नाही.

रस्ता कड्याच्या कडेने वळत वळत निघाला. एका बाजूला लाल दगडाची भिंत, दुसऱ्या बाजूला खाली समुद्र. पाणी असे चमकत होते की डोळे बारीक करावे लागत. दूर दीपगृहाचे पांढरे बोट आणि त्याच्या पायाशी होड्या. धाकटा गाडी मजेत हाकत होता. गतिरोधकावर ती उसळून उडाली की वहिनी "आई गं" म्हणायची आणि हसायची.

"हाडं मोजून घेतलीत का माझी?"

"वहिनी, हौद्यात काच नाही आज. आज गाडीलाही सुट्टी!"

त्यांच्या घरात गाडीच्या दोन चाली होत्या. रिकामी चाल ही अशी, उड्या मारत जाणारी. आणि मागे माल असला की काचेची चाल. त्या चालीत ब्रेक मारायचा नाही. पुढचे लांबूनच ओळखून वेग उतरवायचा. गतिरोधक तिरका घ्यायचा, एकेक चाक त्यावरून हळूच उतरवायचे. वडिलांनी दोघांना गाडी शिकवली ती हौद्यात पाण्याने काठोकाठ भरलेली बादली ठेवून. काचवाला ब्रेक मारत नाही, एवढाच त्यांचा धडा.

हॉटेल आले. गेटपाशी ती दुसरी पिकअप खरेच होती. चाकांच्या जागी विटा, हौद्यात लाल-पिवळी फुले, केबिनवर वेल चढलेला. थोरल्याला एखाद्या ओळखीच्या माणसाला अंथरुणाला खिळलेले बघावे तसे झाले.

मालक हात चोळत आला. "या या! वा, काय चकाकतेय!"

"धुतली मुद्दाम," धाकटा म्हणाला आणि वळला. "वहिनी, दादाला गच्चीवर न्या. वरून समुद्र फार छान दिसतो. मी आलोच."

"आम्ही इथेच बसतो की," थोरला म्हणाला.

"अहो, चला ना," वहिनीने त्याची बाही धरली. "एवढं आलोय तर."

दोघे मिळालेले आहेत. बायकोसुद्धा! गच्चीच्या पायऱ्या चढताना थोरल्याला दम लागला. तो चढण्याचा की रागाचा, ते त्यालाच कळेना.

वर वारा होता. वहिनी कठड्याला टेकून पाण्याकडे बघत उभी राहिली. थोरला दुसऱ्या कठड्याशी गेला. खाली गेट दिसत होते. मालकाने मोजपट्टीचे एक टोक धरले होते, दुसरे धाकट्याने. दोघे त्यांच्या गाडीचे केबिन मागून मोजत होते. उभे मोजले, आडवे मोजले. मालकाने मान डोलावली. मग दोघांनी हात मिळवले.

"अहो, समुद्र इकडे आहे," वहिनी म्हणाली.

"दिसतंय मला काय ते."

"काय दिसतंय?"

"तुला ठाऊक असेलच. माझ्याच तोंडून वदवून घ्यायचंय का?"

वहिनीने त्याच्याकडे पाहिले आणि ओठ दाबले. ती हसू दाबत होती. थोरल्याने मान फिरवली. खाली पुन्हा पाहिले तर दोघे वेलामागे, त्या कुंड्यांच्या गाडीपाशी गेले होते. तिच्या शेजारी आपली कुठे उभी करायची तेच ठरत असणार. आणखी बघवेना. बराच वेळ तो कठड्याकडे पाठ करून बसला आणि मग एकाएकी उठून तरातरा खाली निघाला.

"अहो, थांबा! चहा येतोय!" वहिनी मागून घाईघाईने आली, जरा जास्तच मोठ्याने ओरडत.

तो खाली पोचला तेव्हा धाकटा हौद्यातून उडी मारून उतरत होता. हौद्यावर ताडपत्री ओढलेली होती आणि धाकट्याच्या कपाळावर घाम होता.

"झालं दादा? एवढ्यात?"

"तुझं झालं का?"

"माझं कसलं?" धाकटा हसला आणि त्याने थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात ओला होता. साबणाचा वास आला. हात धुऊन मोकळा झाला, थोरल्याच्या मनात आले.

गाडी परतीच्या वाटेला लागली. आणि थोरल्याच्या लक्षात आले, धाकटा आता वेगळाच चालवतो आहे. वळण यायच्या आधीच वेग उतरवतो आहे. गतिरोधक तिरका घेतो आहे. ज्या गाडीला सकाळी सुट्टी होती, तिला आता पोटाशी धरून नेल्यासारखी नेतो आहे.

का, हे थोरल्याला तत्काळ कळले. दुसऱ्याची झाली ना ती! दुसऱ्याच्या वस्तूला ओरखडा येऊ नये म्हणून जपायचे. आपली होती तोवर उडवली, आपटली. आता पाहुण्यासारखी चालवतोय.

"थांबव," तो म्हणाला.

"काय झालं?"

"मी चालवणार."

धाकट्याने वहिनीकडे पाहिले. वहिनीने धाकट्याकडे. ते बघणेही थोरल्याने मोजून घेतले.

"दादा, आता घरी पोचूच की..."

"माझ्या बापाची गाडी आहे. अजून तरी."

धाकट्याने खांदे उडवले आणि गाडी कडेला घेतली. "बरं. पण जरा सावकाश घे."

"मला शिकवू नकोस."

जागा बदलल्या. थोरल्याने दुसरा गिअर गोंजारून टाकला, तिसरा टाकला आणि पाय दाबला. म्हातारे इंजिन गुरगुरले. समुद्र खिडकीतून मागे पळू लागला. "अहो!" वहिनी म्हणाली. "दादा," धाकटा म्हणाला, "दादा, अरे..." कड्याचे मोठे वळण समोर आले. वळणाच्या आधी गाड्या थांबवायला मोकळी जागा होती. थोरल्याने गाडी तिकडे वळवली आणि सगळा राग पायात आणून ब्रेक मारला.

त्या घराण्यात तसा ब्रेक कोणी मारला नव्हता. मारेल असे कोणाच्या स्वप्नातही आले नसते, म्हणून तर गाडी त्याच्या हाती देताना दोघांनी काही सांगितले नव्हते. टायर किंचाळले. मागे हौद्यात काहीतरी जड लोखंडी घसरत आले, आदळले आणि त्यापाठोपाठ एक आवाज झाला. पोतेभर मीठ फरशीवर ओतावे तसा.

तो आवाज त्या तिघांना दुसऱ्या कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"विकलीस ना?" थोरला तरीही म्हणाला. ते वाक्य केव्हाचे तोंडात तयार होते, ते आता निघालेच. "माझ्यामागे गाडी विकलीस."

धाकट्याने दार उघडले. तो उतरला, मागे गेला आणि त्याने ताडपत्री बाजूला केली. थोरला स्टिअरिंग धरून बसून राहिला. मागची काच नसल्यामुळे त्याला काही दिसत नव्हते.

"कसली विकली?" वहिनी म्हणाली. "काच होती ती. या तुमच्या पाठीमागची. त्या कुंड्यांच्या गाडीची काढून घेतली भाऊजींनी. सुट्टीच्या दिवशी जाऊन त्या माणसाच्या सगळ्या खिडक्या बसवून दिल्या आणि मजुरीत ही मागितली. मापाला बसते का बघायला गाडी न्यायची होती. तुम्हाला सांगू नका म्हणाले. उद्या सकाळी तुम्ही गाडीत बसाल आणि आरशात मागचा रस्ता दिसेल, तेव्हाच कळू दे म्हणाले."

गाडीची काच रबराच्या पट्टीतून सोडवायची तर पट्टीला साबणाचे पाणी लावावे लागते. हे थोरल्याला झोपेतसुद्धा ठाऊक होते. तो ओला हात अजून खांद्यावर असल्यासारखा त्याला जाणवला. आणि काचेची चाल! आयुष्यभर त्याने ज्या चालीने गाडी चालवली, ती शेजारी बसून ओळखता आली नाही.

तो उतरला. हौद्यात ब्लँकेट होते आणि त्याच्या घड्यांतून हिरवट खडे सांडले होते. हत्यारांची लोखंडी पेटी काचेच्या कोपऱ्यावर येऊन बसली होती.

"पेटी बांधायची राहिली माझी," धाकटा म्हणाला. "तू लवकर खाली आलास."

एवढे बोलून तो खडे गोळा करू लागला. थोरल्याने ब्लँकेटचे दुसरे टोक धरले. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होते, दोघांच्याही.

"हॉटेलवाल्याच्या गाडीला आता काय?" थोरल्याने विचारले.

"आपलं प्लायवूड नेऊन बसवणार होतो. कुंड्यांना मागचं कशाला बघायचंय?"

वहिनीला हसू आले आणि तिने ते लगेच गिळले.

धाकट्याने किल्ली थोरल्याच्या हातातून काढून घेतली नाही. तो आपणहून खिडकीशी जाऊन बसला. थोरल्याने गाडी सुरू केली. गावाजवळ येईतो इंजिन तापले, म्हणून पाण्यासाठी पंपावर थांबावे लागले. पंपावरचा माणूस बादली घेऊन आला. सकाळचा विनोद त्याच्याजवळ शिल्लक होताच.

"काय काचवाले, समुद्रावरून आलात, पण काच काही सापडली नाही?"

धाकट्याने नजर खाली घातली आणि पुढच्या वाक्याची वाट बघत बसला.

थोरल्याने तोंड उघडले. ते नेहमीचे वाक्य जिभेवर आयते होते.

"मी फोडली," तो म्हणाला.

"अहो, सकाळी तर यांचं नाव..."

"सकाळची वेगळी. पाणी ओत."

पंपावरच्या माणसाने आळीपाळीने तिघांकडे पाहिले, आणि यात काहीतरी पाणी मुरतेय अशा चेहऱ्याने तो रेडिएटरकडे वळला.

गाडी पुन्हा रस्त्याला लागली. पुढे गतिरोधक दिसला. थोरल्याने लांबूनच वेग उतरवला.

"तिरकी घे, दादा," धाकटा खिडकीबाहेर बघत म्हणाला. "खडे सांडतील."

थोरल्याने तिरकी घेतली. एक चाक उतरवले, मग दुसरे.