बिनरेघेचे अक्षर

काकूंनी वहीचे पान खिडकीकडे तिरके धरले आणि बोटाने ओळ पकडली.

“‘चुंबक लावला. अर्ध्या तासात पाणी नितळ.’ पुढे... हा ‘घ’ आहे की ‘ध’?”

“‘ध’ असेल. धुलाई.”

“हो, धुलाई. ‘धुलाई अकरावी. पकड तशीच.’”

टेबलाच्या पलीकडे बसलेली मुलगी ऐकेल तसे टाइप करत होती. मुलगी म्हणायची, पण होती चांगली छत्तीस वर्षांची बाई. काकूंच्या यजमानांच्या हाताखाली तिने याच प्रयोगशाळेत सहा वर्षे काढली होती. एखादी गोष्ट धरली की सोडायची नाही, म्हणून त्यांनी तिचे नाव ‘चिकट’ ठेवले होते. घरीही ते तसेच बोलत. आज चिकट जेवली नाही. आज चिकटने दोन काचा फोडल्या.

ते जाऊन पाच महिने झाले होते. प्रयोगांच्या रीतसर नोंदी संगणकात होत्या, पण स्वतःपुरती ते ही वही ठेवत. त्यांचे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि वर शिरोरेघ द्यायचा कंटाळा, त्यामुळे ‘भ’ आणि ‘म’ जुळे भाऊ वाटत. चार दिवसांपूर्वी चिकटचा फोन आला होता. काकू, सरांची वही कपाटात सापडलीय, अक्षर लागत नाही, येता का? काकूंनी एकतीस वर्षे प्राथमिक शाळेत वह्या तपासल्या होत्या. अक्षर लागत नाही हे वाक्य ऐकले की त्या आपोआप उठत.

खोलीत अमोनियाचा वास होता. तोच वास वर्षानुवर्षे त्यांच्या शर्टांना यायचा. खिडकीखालच्या ट्रेमध्ये झाकणाच्या कुप्या ओळीने उभ्या होत्या आणि त्यांत काळी पूड होती. लोखंडाचीच, पण इतकी बारीक की तिचा एक कण साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाही. ही पूड वाळूसारख्या मण्यांवर बसवायची, मण्यांवरून पाणी सोडायचे, पाण्यातले शिसे पुडीला चिकटून राहते. भरली की धुवायची आणि पुन्हा वापरायची. असा एक फिल्टर बॅटरीच्या कारखान्यामागच्या शाळेत वर्षभर चालू होता. आणखी तीस शाळांसाठीचा अहवाल सोमवारी जायचा होता, आणि त्यात सरांच्या हातच्या शेवटच्या नोंदी घालाव्यात, असे विभागप्रमुखांनी सुचवले होते.

“‘धुलाई चौदावी,’” काकूंनी वाचले. “‘आज चिकटने अमोनियाची बाटली उघडी टाकली. मी मेल्यासारखे सगळे रडत होते.’”

दोघी हसल्या. मग चिकटने खाली बघून कीबोर्डवरची धूळ बोटाने पुसली. काकूंनी पान उलटले.

सोळावी, अठरावी, एकोणिसावी. पकड तशीच, पकड तशीच. वाचता वाचता काकूंची नजर तोंडाच्या पुढे धावायची, ती जुनी सवय होती. बाविसाव्या धुलाईपाशी ती एकाएकी थांबली.

धुलाई बाविसावी. गाळलेलं पाणी. दिसायला स्वच्छ. रात्रभर चुंबक लावून ठेवला. सकाळी काचेला तपकिरी रेघ. कण सुटताहेत, धरलेलं शिसं घेऊन सुटताहेत. पुन्हा केलं, पुन्हा रेघ. अहवालात घातलं नाही. चिकटला सांगितलं नाही, तिची नोकरी कायम व्हायचीय. घरचा काढला. शाळेचा चालू आहे. बघू.

वर तारीख होती. रविवार होता, काकूंना आठवत होते. त्या दिवशी ते सकाळीच ओट्याखाली शिरले होते आणि वर्षभर ज्याचे कौतुक केले, तो घरचा फिल्टर त्यांनी पाना लावून सोडवला होता. चांगला चालला होता की, असे त्या म्हणाल्या तेव्हा, वॉशर गेलाय, एवढेच उत्तर मिळाले. नवा वॉशर आलाच नाही. त्या महिनाभर बडबडत राहिल्या. ते गप्प होत गेले. मुलाकडे राहायला जायला आपण नाही म्हटले, त्याचा राग धरून बसलेत, असे काकू समजत होत्या. जेवताना दोघांच्या मध्ये फक्त ताटांचा आवाज असायचा. शेवटपर्यंत तसेच.

“‘धुलाई बाविसावी,’” काकू म्हणाल्या. “‘गाळलेलं पाणी. दिसायला स्वच्छ.’”

त्यांनी पान उलटले.

कीबोर्डचा आवाज दोन शब्द चालला आणि बंद झाला.

“काकू,” चिकट म्हणाली, “मधलं राहिलं.”

काकूंनी मान वर केली नाही. पानाच्या कोपऱ्यावर ठेवलेले त्यांचे बोट तिथेच राहिले.

“तुला लागतं हे अक्षर.”

“सहा वर्षं वाचतेय.”

“मग मला कशाला बोलावलंस?”

चिकट उठून ट्रेपाशी गेली आणि शेवटची कुपी घेऊन आली. कुपीत पाणी होते, पिण्याच्या पाण्यासारखे पाणी, आणि बाहेरून चिकटपट्टीने नाण्याएवढा चुंबक लावलेला होता. तिने पट्टी सोडवली. चुंबकाच्या जागी, काचेच्या आतून, पेन्सिलीने ओढावी तशी पुसट तपकिरी रेघ होती.

“शाळेतलं आहे. परवा आणलं.” ती बसली. “वाटलं होतं, तुम्ही वाचाल आणि म्हणाल, अगं, हे असं नाही, हे वेगळंच काहीतरी आहे. सरांचं अक्षर, काय भरवसा.”

“आणि मी पान उलटलं.”

“हो. तेव्हा मला इतकं बरं वाटलं ना काकू. त्या बरं वाटण्याचीच भीती वाटली, म्हणून बोलले.”

बाहेर व्हरांड्यात कुणीतरी ट्रॉली ढकलत नेली. बाटल्यांची किणकिण लांब गेली.

“काय होतं हे पोटात गेलं की?”

“लगेच काही दिसत नाही. शिसं साठत जातं. मुलांमध्ये जास्त.”

“किती मुलं आहेत?”

“दोनशे चाळीस.”

“आणि तुझं?”

“सोमवारी अहवाल गेला नाही, तर माझं काही कायम होत नाही. मार्चपर्यंत आहे मी.” चिकट हसल्यासारखे करून म्हणाली, “घरी सांगून झालंय कायम झाले म्हणून. आई पेढे...” आणि तिथेच थांबली.

काकूंनी कुपी हातात घेतली आणि हलवली. रेघ विस्कटून पाण्यात मिसळली, आणि पाणी पुन्हा अगदी स्वच्छ दिसू लागले. त्यांनी ती जपून खाली ठेवली. मग मागचे पान काढले आणि वरून वाचायला सुरुवात केली. आवाज वर्गातल्यासारखा होता, सपाट आणि सावकाश, मागच्या बाकापर्यंत जाईल असा. ‘चिकटला सांगितलं नाही’ येथे टाइप करणारी बोटे चुकली, तेव्हा त्यांनी ते वाक्य पुन्हा सांगितले. ‘घरचा काढला’ म्हणताना मात्र त्यांनी बोट ओळीवर दाबून धरले.

“‘शाळेचा चालू आहे. बघू.’”

“‘बघू’ पण लिहू?”

“लिही. त्यांचाच शब्द आहे.”

चिकटने लिहिले. विभागप्रमुखांना पाठवले. पाठवल्यावर ती पडद्याकडे बघत बसून राहिली.

“ते आज बघणार नाहीत,” ती म्हणाली. “बघितलं तरी बैठक घेतील. मग समिती.”

“पाना आहे का इथे?” काकूंनी विचारले.

शाळेपर्यंत बसने पाऊण तास लागला. दोघी शेजारी बसल्या. एकदा काकू म्हणाल्या, “माझ्यावर नव्हते रागावलेले ते.” चिकटला संदर्भ कळला नाही. तिने फक्त मान हलवली. कारखान्याच्या भिंतीला वळसा घालून बस थांबली, तेव्हा मधल्या सुट्टीची घंटा झाली होती.

पाण्याची टाकी आवाराच्या टोकाला होती. टाकीखाली निळा फिल्टर, त्याखाली चार नळ, आणि नळांपुढे बाटल्या घेतलेल्या मुलांची रांग. चिकट गुडघ्यांवर बसली आणि फिल्टरच्या वरच्या बाजूला पाना लावला. काकूंनी नळापुढची मुले हाताने मागे सारली. “थांबा रे बाळांनो. थोडं मागे.” नळ फुरफुरले, धार बारीक झाली, थेंब थेंब होऊन बंद पडली.

मुख्याध्यापिका घाईघाईने आवार ओलांडून आल्या. त्यांनी चिकटला ओळखले, काकूंनाही ओळखले. सरांच्या शोकसभेला त्या आल्या होत्या.

“अहो, हे काय? ऐन सुट्टीत पाणी बंद? बिघडलंय का काही?”

“हे पाणी मुलांना द्यायचं नाही,” चिकट म्हणाली. “टँकरची सोय करावी लागेल. आजच.”

“असं कसं? वर्षभर पितायत मुलं. मला वरून पत्र नाही, फोन नाही. कुणी सांगितलं बंद करायला?”

चिकटने पाना खाली ठेवला. कपाळावरचा घाम तिने मनगटाने पुसला, तिथे गंजाचा डाग उमटला.

“ह्यांनी,” काकू म्हणाल्या. “लिहून ठेवलं होतं ह्यांनी. आम्हालाच वाचायला उशीर झाला.”

मुख्याध्यापिकांनी रांगेतल्या पहिल्या मुलीच्या हातातली भरलेली बाटली काढून घेतली, झाकण उघडले आणि सगळे पाणी मोरीत ओतले.