कॅलिफोर्नियातली भांडी

माझ्या लग्नाची बोलणी अप्पांनी एका बोटाने केली. उजव्या हाताच्या. डावा हात मांडीवर ठेवून ते अख्ख्या कीबोर्डावर एकेक अक्षर शोधत फिरायचे, आणि सापडलं की ते पळून जाईल अशा धास्तीने दाबायचे.

दोन हजार साल सरत होतं. वडवणीला तालुका होऊन वर्ष झालं होतं, म्हणजे कचेरीवरची पाटी नवी होती आणि आतली माणसं जुनीच होती. स्टँडजवळ अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, शंकरप्पांचं, किराणा दुकान. त्याच्या मागच्या खोलीत माझा कंप्युटर क्लास. तीन मशीन, एक फोन लाइन आणि अकरा विद्यार्थी, ज्यातल्या नऊ जणांची समजूत होती की माऊस नीट धरता आला की नोकरी लागते. बीडला डिप्लोमा करून मी तो क्लास उघडला होता, आणि या जगात माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

आईला ती खोली परत हवी होती, शेंगदाण्याच्या पोत्यांसाठी. शिवाय तिला जावई हवा होता. दोन्ही कामं एकाच लग्नात उरकणार होती.

"आखाजीला बार उडवून टाकू," आई म्हणाली. "आन् त्या पेट्या इकून टाकू."

पेट्या म्हणजे माझे कंप्युटर.

स्थळ पुण्याचं होतं. मुलगा बसवेश, सॉफ्टवेअर इंजिनिअर, मुक्काम कॅलिफोर्निया. फोटोत तो एका मोठ्या लाल पुलापुढे उभा होता. आईने पुलाचं जास्त कौतुक केलं. मुलाला सुट्टी नव्हती, म्हणून त्याच्या वडिलांनी पत्रात सुचवलं होतं की हल्ली मुलं चॅटवर बोलून घेतात, आणि ईश्वरीकडे तर घरचाच कंप्युटर आहे.

"चॅट म्हंजे? दोघंच बोलायचं?" आईने मला विचारलं.

मी हो म्हणाले, आणि तिथेच चुकले.

मुलगी बघायला पाहुणे येतात तेव्हा मुलीने मान खाली घालून बसायचं, विचारलं तर नाव सांगायचं, बाकीचं थोरली माणसं बोलतात. आईने हाच कायदा इंटरनेटला लावला. अप्पा बोलतील. मी म्हटलं, बरं, अप्पांनी सांगावं, मी टाइप करते.

"तू काय लिवलं ते आमाला कसं कळायचं?" आई म्हणाली.

तेव्हा असं ठरलं की खातं माझ्या नावाचं, बोट अप्पांचं, आणि कुठलं अक्षर कुठे आहे ते मी मागे उभं राहून दाखवायचं. माझ्याच लग्नात मी मेकॅनिक.

रोज सकाळी साडेआठला बसायचं. तिकडे तेव्हा संध्याकाळ. अप्पा इष्टलिंगाची पूजा आटोपून, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून थेट खुर्चीत येऊन बसायचे. खाली वाकून अक्षर शोधताना विभूती झडायची. महिन्याभरात स्पेसबार अडकायला लागला. दुपारी एका विद्यार्थ्याने मला गंभीरपणे विचारलं, "मॅडम, व्हायरस पांढरा असतो का?"

इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं. नुसता 'शरणु शरणार्थी' असा नमस्कार लिहायला अप्पांना चार मिनिटं लागली. तिकडून उत्तरादाखल 'शरणु शरणार्थी' यायलाही चार मिनिटं लागली. सॉफ्टवेअरवर पोट भरणारा माणूस अप्पांच्या वेगाने टाइप करतो हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण मला वाटलं, लाजत असेल.

पहिल्याच दिवशी अप्पांनी मुद्द्याला हात घातला. "सॉफ्टवेअर म्हंजे तुमी नेमकं काय करता?"

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "सॉफ्टवेअर डोळ्यांना दिसत नाही. ते आतमध्ये असते."

"दिसत न्हाई तर चालतंय कशावर?"

"विश्वासावर."

"म्हंजे पतपेढीवानी," अप्पा मला म्हणाले, आणि त्यांनी तसंच लिहूनही टाकलं. पलीकडून आलं, "अगदी तसेच."

तिथून सॉफ्टवेअरचा विषय संपला आणि दोघांचं जे जमलं ते जमलंच. दिल्लीतलं खिचडी सरकार किती दिवस टिकेल, कारखान्याचा चेअरमन कोण होईल, किल्लारीच्या भूकंपात कुठल्या गावाला तंबू मिळाले आणि कुठल्या पुढाऱ्याने ते परस्पर आपल्या मळ्यात ठोकले. सगळं माझ्या नावावर. मी, ईश्वरी, वय वर्षं तेवीस, कॅलिफोर्नियातल्या तरुणाला सांगत होते की दिंद्रुडच्या बाजारात तूर दाताखाली फोडून बघितल्याशिवाय घेऊ नये, आणि सकाळी पोट साफ व्हायचं असेल तर रात्री कोमट पाण्यातून एरंडेल घ्यावं. तो तरुण ते घ्यायचा. दुसऱ्या दिवशी गुण आल्याचं कळवायचा.

"लई समजूतदार पोरगं हाय," अप्पा आईला सांगायचे. आई खूश. आधी दर आठवड्याला सिरसाळ्याहून नाहीतर परळीहून एक नवा फोटो यायचा, ते तिने बंद केलं.

एकदा विषय दुष्काळाचा निघाला. बसवेशने लिहिलं, "बहात्तरच्या रेशनवरच्या लाल मिलोच्या भाकरीची चव अजून जिभेवर आहे."

बसवेशचा जन्म चौऱ्याहत्तरचा. बायोडेटात ठळक अक्षरांत होता.

"अप्पा, ह्याला मिलो कुठून आठवतोय?" मी विचारलं.

अप्पांनी पडद्यावरची नजर हलवली नाही. "घरात बोलत असतील. संस्कार हाय."

त्या दिवसापासून मला काहीतरी कुजल्याचा वास यायला लागला. आणि मग सव्वीस जानेवारी आली.

झेंडावंदन सव्वानऊला होतं, म्हणून अप्पा इस्त्रीचा सदरा घालूनच चॅटला बसले. पावणेनऊच्या सुमाराला पलीकडून आलं, "थांबा. जमीन हलते आहे. भांडी पडली." मग काहीच नाही. अप्पांचं बोट हवेत तसंच राहिलं. आमच्याकडे मला तरी काही जाणवलं नव्हतं. पंधरा मिनिटांनी आलं, "सोसायटीतले सगळे खाली उतरले होते. झेंड्याची काठी हलताना पाहिली. आता ठीक."

अप्पांनी 'सांभाळा' एवढं लिहिलं आणि उठले. "लाइन बंद कर," मला म्हणाले, आणि टोपी घालून गेले.

दुपारपर्यंत टीव्हीवर सगळं कळलं. गुजरातेत गावंच्या गावं पडली होती, आणि हादरा पार पुण्यापर्यंत पोचला होता. कॅलिफोर्नियात तेव्हा पंचवीस तारखेची संध्याकाळ होती. तिकडे कुठला झेंडा आणि कुठली काठी.

पुढचे चार दिवस अप्पा सकाळपासून ट्रकपाशी होते. किल्लारीच्या वेळी भरला होता तसाच ट्रक पुन्हा भरत होता, ज्वारी, घोंगड्या, भांडी. दुसऱ्या दिवशी साडेआठला खुर्ची रिकामी बघून मीच बसले. दोन्ही हातांनी, दहा बोटांनी लिहिलं, "काका, कॅलिफोर्नियातली भांडी उचलून ठेवली का?"

बराच वेळ गेला. "कोण?"

"ईश्वरी. खरी."

"मग रोज कोण असते?"

"माझे वडील."

आता इतका वेळ गेला की मला वाटलं लाइन तुटली. मग एकेक अक्षर आलं. "तरीच. मी बहिणीला पत्रात लिहिलं होतं, मुलगी गुणी आहे पण हिच्या पोटाचं काहीतरी बघायला हवं."

मला हसू यायला नको होतं. आलं. मग मी विचारलं, बसवेश कुठे आहेत.

"तिकडेच. त्याला चॅटचं सांगितलं तर म्हणाला, बाबा तुम्हीच बोलून घ्या. म्हणून बोललो."

"त्यांना लग्न करायचंय का?"

"विचारलं नाही. नको म्हणेल म्हणून." आणि थोड्या वेळाने, "वडिलांना सांगू नकोस. बंद करतील. बसवेशची आई गेल्यापासून या साडेआठच्या पुढे दिवसभर माझ्याशी कोणी बोलत नाही."

मला फार राग आला. दोन म्हातारे माझ्या नावाने एरंडेलाच्या गप्पा मारत होते, आणि त्या गप्पांपायी आखाजीला माझ्या क्लासात शेंगदाण्याची पोती येणार होती. वर त्यातल्या एकाची मला दया येत होती, आणि त्याचा तर जास्तच राग आला. अप्पांना हे सांगून टाकलं तर स्थळ मोडणार होतं आणि क्लास निदान पुढचं स्थळ येईपर्यंत वाचणार होता. अप्पांची सकाळ मात्र जाणार होती.

मी सांगून टाकलं. दुपारी, अप्पा ट्रकपासून घटकाभर दुकानात येऊन साखर जोखत असताना, आई आत आहे हे बघून. सगळं सांगितलं, मिलोसकट.

अप्पांनी तराजूतून थोडी साखर काढली. "ठाव हाय," म्हणाले.

"कधीपासून?"

"शरणु शरणार्थी लिवायला चार मिनटं लागली तवाच. कुठलं पोरगं इतक्या दमानं लिवतंय?"

"मग कावून बोलत बसलात दोन महिने?" मी जवळजवळ ओरडलेच.

अप्पांनी आतल्या दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "हे चालू झाल्यापास्नं तुझ्या आईनं दुसरं एक तरी स्थळ आणलं का?"

मी मनात मोजून बघितलं. एकही नव्हतं.

"पोरगं अमेरिकेत. बघायला यीना, नगं म्हणंना, तारीख दीना. इतकं लांबणारं स्थळ मला दुसरं कुठं घावणार व्हतं?" त्यांनी साखरेची पुडी बांधली. "तुजा क्लास चालतोय, चालू दे. तुझ्या आईपुढं मला बोलता येत न्हाई, तुला ठाव हाय. लिवता येतंय." मग जरा वेळाने म्हणाले, "आन् गडी बोलायला बरा हाय."

माझे डोळे भरून आले. किराणा दुकानात रडायची सोय नसते, कोणीतरी अर्धा किलो पोहे मागायला येतंच. ते आलं, आणि मी पोहे जोखून दिले.

ट्रक गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी अप्पा पूजा करून पुन्हा खुर्चीत बसले. आई दारात येऊन उभी राहिली. आखाजीचा मुहूर्त धरायचा तर मांडवाचं आता सांगायला हवं, ते आजच विचारा म्हणाली. अप्पांनी मान हलवली आणि बोट उचललं. मी या वेळी एकही अक्षर दाखवलं नाही. चार मिनिटं लागली त्यांना, आणि पडद्यावर उमटलं, "मी क्लास बंद करणार नाही."

दोन महिने ते माझ्या नावाने 'मी' लिहीत होते. मी म्हणजे मी असलेलं ते पहिलंच वाक्य होतं.

पलीकडून या वेळी उत्तर चटकन आलं. "बरोबर आहे. मलाही दोन वर्षं सुट्टी नाही."

"काय म्हणतंय पोरगं?" आईने दारातून विचारलं.

"सुट्टी न्हाई म्हणतंय," अप्पा म्हणाले. "तवर क्लास चालू ठिवा म्हणतंय."

आई जरा वेळ त्या मशीनकडे बघत राहिली. एवढ्या लांबून जावई सांगतोय म्हटल्यावर तिला मोडता घालता येईना. पोती ओसरीत ठेवावी लागतील, उंदरांचं काहीतरी बघा, असं म्हणून ती चहा टाकायला गेली. अप्पा पुन्हा वाकले, कपाळावरची विभूती कीबोर्डावर झडली, आणि त्यांनी लिहायला घेतलं, "भांडी किती फुटली?"