बुधाजीचे पाय

"आजून वत गो, पानी निवलंय," बुधाजी ओट्यावर बसून म्हणाला.

हौसाने चुलीवरचं भगुलं फडक्यात धरून आणलं आणि नवऱ्याचे पाय बुडालेल्या घंगाळात ओतलं. मिठागरातून आलं की गरम पाण्यात पाय सोडून बसायचं, हा बुधाजीचा लग्नाआधीपासूनचा नेम. खारं पाणी पायांना चिरा पाडतं, म्हणून. हल्ली मात्र त्याला पाणी गारच लागायचं. वय झालं, दुसरं काय, असं म्हणत तीही वाढतं कढत पाणी देत गेली होती.

त्या संध्याकाळी त्याच्या टाचेवरचा चिखल चोळायला तिने घंगाळात हात घातला आणि किंचाळून बाहेर काढला. बोटं लालबुंद झाली होती. बुधाजी निवांत विडी ओढत होता.

"आवो, पाय काडा! भाजतंय!"

"तुजा हात कापसाचा हाय. यो मिठागरवाल्याचा पाय हाय."

या पायांचा गावात लौकिकच तसा होता. पनवेलच्या खाडीकाठची अर्धी मिठागरं भरावाखाली गेली होती, पण उरलेल्या वाफ्यांचा शेवटचा शब्द बुधाजीचा. पावसाळा सरला की माणसं वाफ्याचा तळ पायांनी तुडवून घट्ट करत. मग बुधाजी अनवाणी आत फिरायचा, एखाद्या जागी थांबायचा आणि म्हणायचा, "हितं कच्चा हाय." कच्च्या तळावर पाणी घेतलं तर मीठ काळं निघतं. साठी उलटल्यावर एवढा मान कुणाला मिळतो? त्यामुळे पायाला काही लागत नाही याची त्याला ऐटच होती, आणि खरं सांगायचं तर हौसालाही होती.

सकाळी तळव्यांना टम्म फोड आले होते. तरी तो लंगडतसुद्धा नव्हता, आणि हौसाला धास्ती वाटली ती त्याचीच. तिने त्याला ओढतच पनवेलच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी त्याला डोळे मिटायला सांगितले आणि तळव्याला सुई टोचली. "आजोबा, कळतंय का?"

"नाय."

"आणि इथे?"

"बिलकूल नाय!" बुधाजी परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाल्यासारखा खूश होता. हौसा बाईंचा चेहरा बघत होती.

रक्तात साखर निघाली, तीही बऱ्याच वर्षांची.

"मीठ पिकवनाऱ्याला साखर कशी व्हईल, बाय?"

"पाय राकट आहेत म्हणून दुखत नाहीत असं नाही, आजोबा," बाई हळूच म्हणाल्या. "साखरेने त्यांची जाणीव गेलीय."

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं म्हणतात. बुधाजीचं मुंगीच्या पावलांनी आलं होतं. उजव्या पायाची जखम चिघळली आणि दोन बोटं कापावी लागली.

"मीच वतलं वो, माज्या हातानं," हौसा खाटेशी बसून रडली.

"मी वत म्हनलो, तू वतलंस," बुधाजी भिंतीकडे बघत म्हणाला. "तुजा काय दोस?"

घरी आल्यावर विडी सुटली, गोळ्या सुरू झाल्या, घरातसुद्धा पायात चप्पल आली. हौसा रोज त्याचे तळवे उजेडाला धरून बघायची, तेव्हा तो मान फिरवून घ्यायचा.

पुढचा पावसाळा सरला. तळ तुडवून झालाय, बघायला या, असा निरोप आला. बुधाजी निघाला आणि हौसा त्याच्यामागे.

बांधावर येऊन तो थांबला. मिठाच्या जागेत चप्पल घालून कुणी उतरत नाही, आणि चप्पल काढायची नाही असा डॉक्टरीणबाईंचा हुकूम. माणसं वाट बघत होती. बुधाजी खाली वाकला आणि त्याने चपलेच्या पट्ट्याला हात घातला.

"ऱ्हाऊ द्या," म्हणत हौसाने आपल्या चपला काढल्या आणि ती वाफ्यात उतरली. "इचारा."

बुधाजी तिच्याकडे बघतच राहिला. मग खाकरून त्याने विचारलं, "टाच कशी बसते?"

"घट्ट."

"फुडं जा. बोटांत चिखल येतो?"

"नाय."

ती पार कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिथे थबकली. "हितं टाच दबते. पानी वर येतंय."

बुधाजीने डोळे मिटून घेतले. "आंगठा दाब. गार लागतंय?"

"लय गार."

"हितं कच्चा हाय," बुधाजी माणसांकडे वळून म्हणाला. "आजून तुडवा."

माणसं मुकाट्याने कोपऱ्याकडे गेली.

संध्याकाळी हौसा स्वयंपाकाला उठू लागली, तर बुधाजीने तिला ओट्यावरच बसवलं. चुलीवरचं पाणी त्याने घंगाळात घेतलं, त्यात गार पाणी मिसळलं. मग आपला हात मनगटापर्यंत बुडवून त्याने बराच वेळ अंदाज घेतला.

"आता सोड पाय," तो म्हणाला.